अँबेसेडरचं टायमिंग : आधी पॉइंट, मग डेल्को

जुन्या अँबेसेडरच्या बीएमसी ‘बी सिरीज’ इंजिनात, म्हणजे १४८९ सीसीच्या ओव्हरहेड व्हॉल्व्ह पेट्रोल इंजिनात, ठिणगी कधी पडावी हे पूर्णपणे डिस्ट्रिब्युटर ठरवतो. गॅरेजमध्ये त्याला डेल्को म्हणतात. गाडी ओढत नाही, घाटात तापते, मायलेज पडलं, सुरू होताना उलटा झटका देते, असं काहीही झालं की पहिला हात डेल्कोला जातो. क्लॅम्प ढिला करून बॉडी थोडी फिरवली की इंजिनाचा आवाज बदलतो आणि काम झाल्यासारखं वाटतं. पण पॉइंटचा (डेल्कोतल्या उघडमीट करून ठिणगी पाडणाऱ्या संपर्कांचा) गॅप चुकलेला असेल किंवा वेगाप्रमाणे ठिणगी पुढेमागे करणारी आतली वजनं अडकलेली असतील, तर नुसतं डेल्को फिरवून लावलेलं टायमिंग फक्त त्या एका आरपीएमला बरोबर असतं. म्हणून इथे क्रम महत्त्वाचा आहे : आधी डेल्कोची तब्येत, मग पॉइंट, मग इंजिन बंद ठेवून टायमिंग, मग स्ट्रोब लाइट (ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा), आणि सगळ्यात शेवटी रस्ता.

ही माहिती १९९० च्या दशकात आलेल्या १८१७ सीसीच्या इसुझू इंजिनासाठी नाही. मॉरिस ऑक्सफर्ड किंवा जुन्या एमजीसारख्या ‘बी सिरीज’च्या इतर गाड्यांना मात्र पद्धत हीच लागू पडते. फक्त अंशांचे आकडे त्या त्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्यावे लागतील.

अ‍ॅडव्हान्स लागतोच का?

अ‍ॅडव्हान्स म्हणजे पिस्टन वर पोहोचण्याआधीच ठिणगी पाडणं. ठिणगी पडल्याबरोबर पेट्रोल-हवेचं सगळं मिश्रण एकदम पेटत नाही. ज्वाला पसरून दाब चढायला वेळ लागतो. तो सर्वोच्च दाब पिस्टन वरच्या टोकावरून साधारण १५ अंश खाली आल्यावर मिळाला तर ताकद सर्वांत जास्त मिळते. ८०० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात ४.८ अंश फिरतो, ३००० आरपीएमला तेवढ्याच वेळात १८ अंश. जळायला लागणारा वेळ वेगाच्या प्रमाणात कमी होत नाही, त्यामुळे वेग वाढला की ठिणगी आधी पाडावी लागते. हे काम डेल्कोच्या आतली दोन वजनं करतात. हलक्या पायाने, एका वेगात गाडी चालली असेल तेव्हा सिलिंडरमध्ये मिश्रण कमी भरतं आणि हळू जळतं. तेव्हाचा जादा अ‍ॅडव्हान्स व्हॅक्युमची डबी देते. आपण बॉडी फिरवून लावतो तो फक्त पाया. त्यावर चढणारे हे दोन्ही मजले शाबूत आहेत का, हे आधी बघायचं.

डेल्कोची तपासणी

बॅटरीची एक वायर काढा. कॅपच्या दोन्ही क्लिपा उघडून कॅप बाजूला घ्या आणि आतून उजेडात नीट बघा. दोन टोकांच्या मध्ये पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ असेल तर तिथून करंट गळतो आहे. पावसाळ्यात सकाळी सुरू न होणाऱ्या गाड्यांमध्ये हे हमखास सापडतं. रेघ खरवडून उपयोग नाही, कॅप बदलावी. मधला कार्बन ब्रश स्प्रिंगवर मोकळा वरखाली झाला पाहिजे.

आता रोटर (कॅपखाली फिरून ठिणगी एकेका वायरीकडे पाठवणारा तुकडा) बोटांनी धरून त्याच्या फिरण्याच्या दिशेने वळवा. या इंजिनात वरून बघताना ती घड्याळाच्या उलट आहे. थोडा फिरून तो स्प्रिंगच्या जोराने झटकन मागे आला पाहिजे. रेंगाळत आला किंवा तिथेच राहिला तर खाली वजनांवर जुनं ग्रीस घट्ट झालेलं आहे. बेस प्लेट काढून वजनं रॉकेलने धुवा आणि पिनांवर इंजिन ऑइलचा एकेक थेंब सोडा.

तिथे गेलातच तर स्प्रिंगा ओळखून ठेवा. ल्युकास पद्धतीच्या डेल्कोत दोन्ही स्प्रिंगा सारख्या नसतात. एक बारीक तारेची आणि ताणलेली असते. दुसरी जाड असते आणि तिची कडी लांबट असल्याने सुरुवातीला ती ढिली लोंबते. हे मुद्दाम केलेलं आहे : आधी बारीक स्प्रिंग एकटी काम करते, म्हणून अ‍ॅडव्हान्स भराभर वाढतो, मग जाड स्प्रिंग ताणली जाते आणि वाढ मंदावते. जाड स्प्रिंग सैल दिसते म्हणून तिची कडी पक्कडने दाबून घट्ट करणारे भेटतात. तसं केलं की मधल्या वेगातला अ‍ॅडव्हान्स जातो आणि गाडी कायमची सुस्त होते. अशी गाडी टायमिंग पुढे ओढून, म्हणजे ठिणगी आणखी आधी पाडून, सुधारत नाही.

वजनांवरच्या कॅमच्या (पॉइंट उघडणाऱ्या कंगोऱ्यांच्या तुकड्याच्या) पायावर बहुतेक वेळा एक आकडा ठोकलेला सापडतो, १०, १२, १५ असा. तो डेल्कोचा जास्तीत जास्त अ‍ॅडव्हान्स. डेल्को क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून क्रँकवर तो दुप्पट होतो. आकडा वहीत लिहून ठेवा, स्ट्रोबच्या वेळी हिशेबाला लागेल.

व्हॅक्युमची नळी कार्बोरेटरच्या बाजूने काढून तोंडाने ओढा. बेस प्लेट सरकताना दिसली पाहिजे, आणि नळीच्या टोकावर जीभ ठेवली तर प्लेट तिथेच थांबली पाहिजे. हळूहळू परत आली तर डबीतला पडदा फाटलेला आहे. गाडी तरीही चालते, पण पेट्रोल जास्त खाते. प्लेटला जोडलेली बारीक अर्थची वायर याच वेळी पाहा. प्लेटबरोबर सतत हलून ती आवरणाच्या आत तुटते आणि अधूनमधून मिसिंग होतं.

शेवटी शाफ्ट आडवा हलवून बघा. जाणवण्याइतका खेळ असेल तर बुश झिजलेले आहेत. मग गॅप एका कॅमला एक आणि दुसऱ्याला दुसरा येतो आणि टायमिंग प्रत्येक सिलिंडरला वेगळं पडतं. ड्वेल (पॉइंट मिटलेले राहतात तेवढे अंश) मोजायचा मीटर असेल तर आयडलिंगपासून २००० आरपीएमपर्यंत ड्वेल तीन अंशांहून जास्त हलता कामा नये. हलत असेल तर आधी बुश बदलून घ्या. ते न करता पुढचं सगळं करणं म्हणजे वेळ घालवणं.

सीबी (कॉन्टॅक्ट ब्रेकर) पॉइंट

टायमिंगच्या आधी गॅप लावायचा, कधीच नंतर नाही. कारण साधं आहे. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात, म्हणजे टायमिंग पुढे जातं. गॅप कमी झाला की उशिरा उघडतात आणि टायमिंग मागे पडतं. ड्वेल एक अंशाने बदलला की क्रँकवरचं टायमिंगही एक अंशाने बदलतं. टायमिंग लावून मग गॅप ठीक केला, तर टायमिंग पुन्हा लावावं लागतं.

या डेल्कोचा गॅप ०.३५ ते ०.४० मिमी, म्हणजे १४ ते १६ थाऊ (इंचाचे हजारांश). ड्वेल ६० अंश, तीन इकडे तीन तिकडे चालतो. पॉइंटचे चेहरे आधी बघा. एकावर टेकाड आणि दुसऱ्यावर खड्डा असेल तर फीलर गेज टेकाडावर टेकतं आणि खरा गॅप मोजलेल्यापेक्षा मोठा निघतो. असे पॉइंट बदलणं उत्तम, वाटेत अडकलात तर बारीक फाइलने टेकाड सपाट करून काम भागवा. पॉइंट लवकर जळून काळेनिळे होत असतील तर कंडेन्सर (पॉइंटना जोडलेली, त्यांच्यावर ठिणग्या उडू न देणारी छोटी डबी) संशयित. त्याची क्षमता ०.१८ ते ०.२४ मायक्रोफॅरड असावी.

नवे पॉइंट बसवताना चेहऱ्यावरचा तेलकट थर पेट्रोलच्या फडक्याने पुसा. खांबावरचा क्रम सांभाळा : पॉइंटची स्प्रिंग, कंडेन्सरची वायर आणि कॉइलकडून येणारी वायर ही तिन्ही इन्सुलेटरच्या बुशवर एकमेकांना टेकली पाहिजेत, पण खांबाला किंवा प्लेटला त्यातलं काहीही लागता कामा नये. वॉशर चुकीच्या जागी गेलं की पॉइंट कायमचे अर्थ होतात आणि ठिणगीच येत नाही. नवे पॉइंट घातल्यावर गाडी अजिबात सुरू होत नसेल तर सर्वांत आधी इथे बघा.

इंजिन हँडलने फिरवून पॉइंटची टाच (कॅमवर घासणारा भाग) कॅमच्या बरोबर शिखरावर आणा. पॉइंटचा स्क्रू अर्धवट सैल करा, ०.३८ मिमीचं पातं मध्ये घाला, खाचेत स्क्रू ड्रायव्हर फिरवून गॅप लावा. पातं किंचित अडत सरकलं पाहिजे. स्क्रू आवळल्यावर पुन्हा मोजा, आवळताना गॅप हलतोच. नव्या पॉइंटची टाच सुरुवातीला झिजते, म्हणून त्यांना पूर्ण ०.४० द्यायला हरकत नाही. कॅमवर ग्रीसचा अगदी पुसट हात, पॉइंटच्या खिळीवर तेलाचा एक थेंब आणि रोटरखालच्या स्क्रूवर दोन थेंब. याहून जास्त तेल पॉइंटवर उडतं आणि जळतं.

पुलीवरची खूण खरी आहे का?

क्रँकच्या पुलीवर एक खाच असते आणि टायमिंग कव्हरवर खालच्या बाजूला टोकं असतात. सर्वांत लांब टोक म्हणजे पिस्टन अगदी वर. बाकीची दोन ५ आणि १० अंश आधीची. कित्येक वर्षांत पुली किंवा कव्हर बदललेलं असू शकतं, म्हणून एकदा खात्री करून घ्यावी.

सगळे प्लग काढा. एका जुन्या प्लगचं पोर्सेलिन फोडून त्याच्या लोखंडी कवचात गुळगुळीत टोकाचा बोल्ट पक्का बसवा आणि तो एक नंबरच्या भोकात लावा. रेडिएटरकडचं सिलिंडर एक नंबर. इंजिन हँडलने अगदी हलक्या हाताने पिस्टन बोल्टला टेकेपर्यंत फिरवा आणि पुलीवर खडूची खूण करा. मग उलट बाजूने टेकेपर्यंत न्या आणि दुसरी खूण करा. उलट फिरवताना हँडल सुटतं, तेव्हा पुलीच्या नटाला पाना लावा. दोन खुणांच्या बरोबर मध्ये खरा वरचा बिंदू आहे. खाच तिथे नसेल तर पांढऱ्या रंगाने नवी खूण करा. काम झाल्यावर बोल्ट काढायला विसरू नका.

अंशांची टोकं तुटली असतील तर पुलीचा व्यास मोजा, त्याला ३.१४ ने गुणा आणि ३६० ने भागा. तेवढे मिलिमीटर म्हणजे एक अंश. व्यास १३० मिमी असेल तर एक अंश १.१३ मिमी आणि १० अंश ११.३ मिमी होतात. कागदाची पट्टी कापून पुलीवर चिकटवली की झालं.

इंजिन बंद ठेवून

बॅटरी परत जोडा. एक नंबरच्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून हँडल घड्याळाच्या दिशेने फिरवा. अंगठा ढकलला जातो तो कॉम्प्रेशनचा फेरा. प्लग काढलेले असतील तर हे काम एका हाताने होतं. खाच इच्छित अंशावर आणा. मॅन्युअल हाती नसेल तर ५ अंशांपासून सुरुवात करा. खाच पुढे निघून गेली तर मागे ओढून जागेवर आणू नका. बरीच मागे नेऊन पुन्हा पुढच्या दिशेने आणा, नाहीतर टायमिंग चेन आणि डेल्कोच्या गिअरमधली ढिलाई मापात मिसळते. या क्षणी रोटर कॅपमधल्या एक नंबरच्या वायरीकडे बघत असला पाहिजे. तिथून घड्याळाच्या उलट क्रमाने १-३-४-२ वायरी आहेत ना तेही पाहा.

१२ व्होल्टचा ५ वॅटचा बल्ब घ्या. एक वायर डेल्कोच्या बारीक वायरीच्या टर्मिनलला, दुसरी इंजिनाच्या स्वच्छ लोखंडाला. जुन्या गाड्यांत बॅटरीचा प्लस अर्थ केलेला असू शकतो, बल्बला त्याने फरक पडत नाही. चावी चालू करा. पॉइंट मिटलेले असताना बल्ब बंद राहतो, उघडले की पेटतो. डेल्कोवर बारीक फिरवायचा, कडेला खाचा असलेला नर्ल नट असेल तर तो मधोमध ठेवा. क्लॅम्प थोडा सैल करा. बॉडी घड्याळाच्या उलट दिशेने बल्ब विझेपर्यंत फिरवा. मग घड्याळाच्या दिशेने केसभर केसभर सरकवा आणि बल्ब पेटला त्या क्षणी थांबा. क्लॅम्प आवळा. रोटरच्या विरुद्ध दिशेने बॉडी फिरवली की टायमिंग पुढे, रोटरच्या दिशेने फिरवली की मागे, एवढं डोक्यात पक्कं असलं की गोंधळ होत नाही.

पडताळणीसाठी इंजिन दोन पूर्ण फेरे फिरवून खाच हळूहळू जवळ आणा. बल्ब नेमका खुणेवर पेटला पाहिजे. चावी फार वेळ चालू ठेवू नका. पॉइंट मिटलेले असताना कॉइलमधून सतत चार अँपिअरच्या आसपास करंट जातो आणि कॉइल तापते. क्लॅम्पचा बोल्टही जोराने आवळू नये, पट्टी वाकते आणि डेल्कोची मान चिरते. बॉडी हाताने फिरत नाही इतकं पुरे.

स्ट्रोब लाइट

प्लग घाला (गॅप ०.६ मिमी), इंजिन गरम करा, खाचेत पांढरा खडू भरा. व्हॅक्युमची नळी डेल्कोकडून काढून तिचं तोंड बंद करा. स्ट्रोबचा क्लॅम्प एक नंबरच्या प्लग वायरीवर. स्ट्रोबच्या पुरवठ्याच्या वायरी जोडताना मात्र बॅटरीचा प्लस-मायनस नीट बघा. टाय, ओढणी, सैल बाही पंख्यापासून दूर ठेवा. स्ट्रोबच्या उजेडात पंखा थांबल्यासारखा दिसतो आणि तोच खरा धोका आहे.

आयडलिंग ६०० ते ७०० वर आणा. वजनं उघडायला लागायच्या आधीचं माप हवं आहे. बी सिरीजमध्ये इथला आकडा बंद इंजिनाच्या मापापेक्षा काही अंश जास्त दिसू शकतो, त्याने दचकू नका. आता थ्रॉटल हळूहळू वाढवा. खूण १०००, १५००, २००० ला सलग पुढे सरकत गेली पाहिजे आणि ३००० ते ३५०० च्या पुढे कुठेतरी थांबली पाहिजे. एकदम उडी मारून पुढे गेली तर स्प्रिंग तुटली आहे किंवा ताणून सैल झाली आहे. हललीच नाही किंवा थ्रॉटल सोडल्यावर परत आली नाही तर वजनं अडकली आहेत. एकाच वेगाला खूण मागेपुढे नाचत असेल तर शाफ्टचे बुश, किंवा मग टायमिंग चेन.

शेवटचा आकडा महत्त्वाचा. व्हॅक्युम काढलेला असताना एकूण अ‍ॅडव्हान्स ३२ ते ३४ अंशांच्या पुढे जाऊ देऊ नये. कॅमवर १५ ठोकलेलं असेल तर वजनांचेच ३० अंश होतात, म्हणजे पायाला २ ते ४ अंशच उरतात. १२ असेल तर २४ होतात आणि पाया ८ ते १० पर्यंत नेता येतो. दुसऱ्या गाडीचा डेल्को बसवलेला असेल तर मॅन्युअलमधला पायाचा आकडा अशाच हिशेबाने तपासून घ्यावा लागतो.

नर्ल नटाने बारीक फरक करता येतो. अकरा टिकटिक म्हणजे क्रँकवर एक अंश, आणि बाहेरच्या दांड्यावरची एक रेघ म्हणजे सुमारे पाच अंश. ‘ए’कडे पुढे, ‘आर’कडे मागे. शेवटी व्हॅक्युमची नळी जोडा. आयडलिंगला खूण जवळजवळ हलता कामा नये. जागची उडाली तर थ्रॉटलची झडप जास्त उघडी आहे किंवा नळी चुकीच्या जागी, थेट मॅनिफोल्डला, जोडली आहे.

स्ट्रोब न वापरता कानाने टायमिंग लावण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे : इंजिन सर्वांत जोरात फिरेल तिथे डेल्को ठेवायचा आणि किंचित मागे घ्यायचा. अडचण अशी की आयडलिंगला इंजिनाला भरपूर अ‍ॅडव्हान्स आवडतो. तिथे जे छान वाटतं, त्यावर वजनांचे अंश चढले की हायवेवर ते अति होतं. रस्त्यात दुसरा इलाजच नसेल तर घरी पोहोचण्यापुरती ही पद्धत वापरावी.

रस्त्यावर

चौथ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाने चढावर येऊन पाय पूर्ण दाबा. डब्यात खिळे हलवल्यासारखा टणटण आवाज आला तर टायमिंग एक-दोन अंश मागे घ्या आणि पुन्हा त्याच चढावर या. पण आवाज आला नाही म्हणजे टायमिंग बरोबर, असं समजू नका. ७.२ कॉम्प्रेशनचं हे इंजिन त्या काळच्या कमी ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी आहे. आजच्या पेट्रोलवर, त्यातही इथेनॉल मिसळलेल्यावर, टायमिंग बरंच पुढे गेलं तरी ते ओरडत नाही, नुसतं खडबडीत चालतं आणि ताकद कमी करतं. म्हणून इथे कानापेक्षा स्ट्रोबचा आकडा मानावा.

मागे पडलेल्या टायमिंगची लक्षणं वेगळी : पिकअप जड, सायलेन्सरमध्ये फटाके, मॅनिफोल्ड तापून लालसर, आणि खंबाटकीसारख्या घाटात पाणी उकळणं. मिश्रण उशिरा जळतं, उष्णता एक्झॉस्टच्या वाटेने आणि हेडमध्ये जाते. रेडिएटर धुवून, थर्मोस्टॅट काढूनही तापणाऱ्या गाडीचं टायमिंग आणि व्हॅक्युम एकदा बघाच.

टायमिंग फार पुढे असेल तर सुरू होताना स्टार्टर अडखळतो आणि हँडल उलटं फटकारतं. हँडल मारताना अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, मुठीसारखा वेढायचा नाही, आणि हँडल खालून वर ओढायचं. उलट्या फटक्याने मनगट मोडतं.

पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक मॉड्युल बसवलं असेल तर गॅप आणि टाचेची झीज हे दोन विषय संपतात, पण वजनं, स्प्रिंगा, बुश आणि व्हॅक्युम तसेच राहतात. बल्बची पद्धत तिथे वापरू नका, टायमिंग थेट स्ट्रोबने लावा. जुने पॉइंट, प्लेट आणि कंडेन्सर डिकीत ठेवावेत, मॉड्युल रस्त्यात गेलं तर तेच उपयोगी पडतात.

नव्या पॉइंटवर ८०० किलोमीटरनंतर गॅप पुन्हा मोजा. टाच बसल्यामुळे तो कमी झालेला असेल आणि टायमिंग मागे गेलेलं असेल. डेल्कोला हात न लावता आधी गॅप जागेवर आणा, मग स्ट्रोब धरा. बहुतेक वेळा खूण आपोआप जिथल्या तिथे आलेली दिसते. त्यानंतर दर ५००० किलोमीटरला एकदा बघितलं की पुरतं.